येथे मजकूर येईल

आई गेल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा सोमेश्वर हिंगोलीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून चहात खारी बुडवत होता. 'अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की श्रीमती मनकर्णाबाई उकंडराव कऱ्हाळे यांचे आज सकाळी निधन झाले.' वर आईचा फोटो, गोल कापलेला. खारीचा भिजलेला तुकडा कपात पडला आणि तळाशी गेला. धक्का बसला की माणूस ओरडतो, उठून पळत सुटतो, असं त्याने ऐकलं होतं. त्याचं तसं काहीच झालं नाही. त्याला आधी ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ते त्याचंच आहे. 'अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की' हे त्याने याच खुर्चीत बसून लिहिलं होतं. 'अत्यंत' बरं की 'तीव्र' बरं यावर पुण्याच्या ऑफिसातल्या विजयकुमार सरांनी अर्धी मीटिंग खाल्ली होती, आणि मरणाला 'तीव्र' जरा जास्त होतं असं ठरून 'अत्यंत' राहिलं होतं. म्हणजे निरोप खोटा होता. तो खोटा आहे हे जगात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. तरी कप खाली ठेवून त्याने तो पुन्हा एकदा वाचला.

वेबसाइट बांधणारे लोक आधी पान बांधतात आणि मग माणसाची वाट बघतात. तोवर पान रिकामं ठेवून चालत नाही; नाव कुठे बसतं, फोटो कुठे बसतो हे दिसावं म्हणून त्यात एक नमुन्याचा माणूस बसवतात. पुण्यातली पोरं 'टेस्ट टेस्ट' लिहून मोकळी होत, नाहीतर एखाद्या क्रिकेटवाल्याचं नाव टाकत. सोमेश्वरला हे कामचुकारपणाचं वाटे. शहरातली नावं आखूड असतात, ती कुठेही मावतात. खरी पंचाईत गावाकडच्या लांबलचक नावांनी होते. छोट्या मोबाइलवर ती मध्येच मोडतात, एक तुकडा खाली पडतो. शिवाय कऱ्हाळेमधला तो अर्धा र. भले भले फॉन्ट तिथे तोंडावर आपटतात. ज्या पानावर 'मनकर्णाबाई उकंडराव कऱ्हाळे' धड बसलं त्या पानावर कुणीही बसेल, हा त्याचा स्वतःचा शोध होता, आणि ऑफिसात त्याचं कौतुकही झालं होतं. तेव्हापासून आई त्याच्या प्रत्येक वेबसाइटवर पहिली जाऊन बसे. दवाखान्याच्या वेबसाइटवर तिला दर मंगळवारी दाढदुखी होती. लग्न जुळवणाऱ्यांकडे ती चोवीस वर्षांची, गोरी, प्रवासाची आवड असलेली वधू होती. एकदा ती स्वित्झर्लंडला जाऊन आली, एकदा व्यायामशाळेची वर्षाची मेंबर झाली, एकदा तिने पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट पसंत केला आणि गॅलरी लहान म्हणून नाकारला. मग श्रद्धांजलीच्या वेबसाइटचं काम आलं. गेलेल्या माणसाचं पान, खाली नातेवाइकांचे नंबर, आणि एक बटण दाबलं की सगळ्यांना एकदम निरोप. त्या पानावरही त्याने सवयीने आईला बसवलं. नाव टाइप करताना हात एकदासुद्धा अडखळला नव्हता, हे त्याला आत्ता आठवलं.

नंबर खरे होते. खोटे नंबर पान स्वीकारत नसे, म्हणून त्याने आपल्याच मोबाइलमधले भरले होते: स्वतःचा, कनेरगाव नाक्याला ढाबा चालवणाऱ्या नरसिंगमामाचा, गावातल्या शेजारच्या साधनाचा, आणखी भावकीतले पाचसहा. चाचणीत निरोप बाहेर जात नाहीत, रांग लावून आतच उभे राहतात. आज सकाळी वेबसाइट सुरू व्हायची होती. पुण्यात कुणीतरी फाटक उघडलं असणार, आणि रांगेत इतके दिवस ताटकळलेले निरोप सुटले असणार. सगळं सरळ होतं. त्याने आईला फोन लावला. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तिचा फोन बहुतेक वेळा घरातल्या देवळीत चार्जिंगला असतो आणि ती शेतात, हे त्याला ठाऊक होतं. हळद शिजवायचे दिवस. ती पहाटेच गेली असणार. साधनाचा फोन बिझी. मामाचा बिझी. गाव एकमेकांना फोन करत होतं आणि त्यात त्याला शिरायला जागा नव्हती. तिसऱ्यांदा आईचा फोन वाजत असताना त्याला वाटलं, आणि हे वाटणं इतकं हलकट होतं की त्याने ते लगेच झटकलं: आज सकाळीच तिला खरोखर काही झालं असलं, तर आपल्याला कळणार कसं? निरोप तर येऊन गेला.

तो चप्पल अडकवत असतानाच विजयकुमार सरांचा फोन आला. "सोमेश्वर, लगेच ऑनलाइन ये. तुझा टेस्ट डेटा लाइव्ह गेलाय. क्लायंट फार तापलाय."

"सर, ती माझी आई आहे."

"अरे हो, तुझाच डेटा आहे तो. म्हणूनच तुला फोन केला ना. काढून टाक पटकन, तुला माहिती असेल कुठे कुठे आहे ते."

सर वाईट माणूस नव्हते. वाढदिवसाला न चुकता केक मागवत, रजा मागितली तर 'फॅमिली फर्स्ट' म्हणत आणि मग दोन दिवस कमी करत. लॉकडाउनमध्ये सोमेश्वर लॅपटॉप घेऊन गावी आला तो पुण्याला परत गेलाच नाही, तेही त्यांनीच वर बोलून मंजूर करून घेतलं होतं. गावात नेटवर्क धड नाही म्हणून हिंगोलीत खोली घेतली. आईपासून अर्ध्या पाऊण तासावर. आता आपण जवळ आलो असं तो सगळ्यांना सांगे, आणि महिना महिना गावी जात नसे. जायची गरजच वाटत नसे. आईचा चेहरा दिवसभर समोर असायचा ना. या पानावरून त्या पानावर, उजवीकडे सरकव, डावीकडे सरकव, थोडा लहान कर. आणि रात्री फोन. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवलो." तेवढं झालं की दोघांनाही बरं वाटे.

"सर, मी गावी निघालोय," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. पलीकडून सर काहीतरी बोलत राहिले, पण बाजार समितीच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या आवाजात ते बुडून गेलं. हळदीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली त्याच्या पुढे चालली होती आणि तिच्यातून पिवळी धूळ उडत होती. शहर संपल्यावर ऊन एकदम अंगावर आलं. वाशीमचा रस्ता सरळ. सरळ रस्त्यावर डोकं मोकळं सुटतं, आणि आज ते सुटायला नको होतं. तो मनाशी हिशेब जुळवल्यासारखं सांगत राहिला: वाक्य माझं, फोटो माझा, नंबर मी भरले, म्हणून आई शेतात आहे. पण 'आज सकाळी' हे शब्द काही केल्या जागेवर बसेनात. ते त्याने लिहिले नव्हते. वाक्यात त्याने फक्त जागा सोडली होती. दिवस आणि वेळ घड्याळ बघून वेबसाइटने स्वतःच भरली होती. यंत्राला ना आई माहीत ना सकाळ, हे त्याला रोज नवशिक्यांना शिकवावं लागे. तरी त्या दोन शब्दांच्या मागे कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं.

आईचा तो फोटो त्याने मागे एकदा ती हळद वाळत घालत असताना काढला होता. "माय, इकडं बघ," म्हटल्यावर तिने डोळे बारीक केले होते. "काहून काढून राहिला फोटू? ऊन लागून राहिलं मला." पुण्यात गेल्यावर तो आई म्हणायला शिकला होता, पण ते तिच्या पाठीमागे, समोर मायच. फोटोत ती दोन्ही हातांनी हळद पसरत होती. पानावर चेहरा गोलात बसवायचा असतो, म्हणून त्याने हात कापले. पदर कापला. मागचं लिंबाचं झाड कापलं. उरला तो बारीक डोळ्यांचा चेहरा, आणि पुढे त्याला तोच आईचा चेहरा वाटू लागला. गाडी चालवता चालवता त्याने तिला उभी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ती गोलाच्या बाहेर येईना. उंची किती? त्याच्या खांद्याशी येते की त्याहून खाली? लुगडी कोणत्या रंगाची नेसते? तो एकतीस वर्षांचा माणूस भर रस्त्यात आईची उंची आठवत होता आणि ती आठवत नव्हती. समोरून आलेल्या एसटीने कर्कश हॉर्न दिला तेव्हा तो पार मध्यावर गेला होता.

त्याने गाडी बाजूला घेतली. फोन पुन्हा थरथरत होता. पुण्याची ऐश्वर्या होती, त्याच्याच टीममधली. तिचा आवाज रडवेला होता. "सोमेश, मीच केलं रे ते. सर म्हणाले सगळं उचलून टाक, नऊच्या आत लाइव्ह हवंय. मी सगळं उचललं. ती तुझी खरी आई आहे?"

"हो."

"मला वाटलं नेटवरचा फोटो आहे. 'ग्रामीण स्त्री' टाकलं की येतात ना, तसा. इतकी वर्षं बघतेय मी त्यांना. आम्ही सगळेच बघतोय. मला कधी वाटलंच नाही की त्या... त्या बऱ्या आहेत ना?"

"फोन उचलत नाहीये," तो म्हणाला, आणि हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आतापर्यंत ती बाहेर कुठेतरी होती. ऐश्वर्याच्या मागे ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनचा आवाज येत होता, आणि कुणीतरी हसत होतं.

कनेरगाव नाक्यावर मामाचा ढाबा बंद होता. हा ढाबा त्याने कळायला लागल्यापासून कधी बंद असलेला पाहिला नव्हता. दिवाळीतही मामा भट्टी विझू देत नसे, ट्रकवाल्यांनी जायचं कुठे म्हणून. आता बाजा उभ्या करून भिंतीला टेकवल्या होत्या. भट्टीवर पाणी मारलेलं होतं आणि ओल्या राखेचा वास सुटला होता. तो वास नाकात गेला आणि सकाळपासून डोक्याने जुळवलेलं सगळं ढासळलं. वाक्य खोटं असेल, फोटो नमुन्याचा असेल, पण ही राख ओली होती. मामाने घाईने पाणी ओतलं होतं, बादली तिथेच आडवी पडली होती. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून हिरासिंग हात पुसत बाहेर आला. तो सोमेश्वरला ओळखत होता, पण आज ओळख दाखवायची की नाही असा घुटमळला.

"जा बाबा लवकर," तो म्हणाला. "मामा तर कवाचाच गेला. त्याची अक्काबाई आज सकाळी गेली म्हनून राहिले."

"कोन म्हनलं सकाळी?"

"आता समदेच म्हनून राहिले. बराबर सकाळीच गेली."

यंत्राने भरलेले दोन शब्द माणसाच्या तोंडून ऐकू आले, 'बराबर' लागून. सोमेश्वरला खुलासा करायचा होता. हे मीच लिहिलंय, तो नमुना आहे, सगळ्यांना चुकून गेलंय. पण खुलासा करायला त्याला स्वतःला आत कुठे खात्री उरली होती? हिरासिंगने पाण्याचा जग पुढे केला. त्याने दोन घोट घेतले, बाकीचं शर्टावर सांडलं. मग तो गावाच्या फाट्याला वळला.

घरापुढे माणसं जमली होती. टोप्या घातलेले पुरुष एका बाजूला, बाया ओट्याशी. तो गाडीवरून उतरला आणि सगळे आपोआप बाजूला झाले, त्याला वाट करून दिली. बाप गेला तेव्हा अशीच वाट झाली होती आणि त्या वाटेच्या टोकाला उकंडराव आडवा होता. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. कुणीतरी "धीर धर बाबू" म्हणालं. वाटेच्या टोकाला घराचं दार होतं आणि दाराला कुलूप. त्याला काय वाटावं ते कळेना.

"माय कुठंय?"

"शेताकडं आनायला गेलेत," नरसिंगमामा म्हणाला. म्हातारा ओट्याच्या कडेला बसून होता, डोळे लाल. "तिकडंच झालं म्हनं. आपला रूपसिंग फटफटी घेऊन म्होरं गेलाय. तुला कोनी कळवलं रे? आमाला तर फोनवर आलं, फोटूसहित."

"कोनी पाह्यलंय तिला? मामा, कोनी पाह्यलं?"

"न्हाई. कुलूप हाय ना घराला."

म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्या गावाकडे पुरावा एकच, आणि तो त्याच्या खोलीतून निघालेला. आता बोलायला हवं होतं. तो तोंड उघडणार इतक्यात शेजारच्या गोजरबाईने त्याच्या गळ्यात हात टाकून हंबरडा फोडला, आणि बाकीच्या बायांनी तिच्यात सूर मिळवला. इकडे बाया रडतात ते नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या बाईचं एकेक काम सांगत रडतात, ओव्या म्हणाव्यात तसं. "बचत गटाच्या मिटिंगीला ब्यांकेच्या सायबाला उभं क्येलं वो माझ्या बाईनं... माझ्या लेकीच्या बाळंतपनाला उशाशी बसली वो, डोळ्याला डोळा लावला न्हाई... सिद्धेश्वरच्या धरनाला आमाला न्हेलं वो, पान्यात पाय सोडून गानी म्हनली वो..." सोमेश्वर त्या घामट मिठीत ताठ उभा राहिला. आई गाणं म्हणते? धरणावर कधी गेली? बँकेच्या साहेबाला कशासाठी उभं केलं, तिने तर कधी... तो तर रोज फोन करत होता. गोजरबाईच्या एकेका ओळीसरशी एक एक अनोळखी बाई त्याच्यापुढे येत होती आणि मरत होती. आणि मग, हे सगळं खोटं आहे हे माहीत असताना, वाक्यातला 'अत्यंत' स्वतः निवडलेला असताना, सोमेश्वर रडायला लागला. मोठ्याने, ओठ वेडेवाकडे करून, चार माणसांत. त्याला थांबता येईना. तो रडतोय हे पाहून ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली.

रूपसिंगची गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर मनकर्णाबाई एका बाजूला पाय सोडून बसली होती. कोपरापर्यंत पिवळी, कपाळावर पिवळी बोटं उमटलेली, तोंडाने पट्टा चालू. "बॉयलर पेटलेला सोडून आनलं मला या मेल्यानं, काहून ते बी सांगंना. हळद गाळ झाली तं कोन भरून देनार हाय?" गाडी थांबली. रडणं मध्येच तुटलं. मनकर्णाबाईने टोप्या पाहिल्या, पदर तोंडाला लावलेल्या बाया पाहिल्या, आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कोन गेलं?"

मग बायांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि गोजरबाई धावत जाऊन तिच्या पाठीत धपाटे घालत रडायला लागली, आता खरोखरचं. मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, बाई आता शंभरी गाठते, असं जो तो एकमेकाला सांगू लागला. सोमेश्वर जागचा हलला नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होईलही नंतर, पण आत्ता तो नुसता बघत होता. ती बुटकी होती. त्याच्या छातीशी आली असती. हिरवं लुगडं, त्याला घोट्याशी चिखल. आणि ती बोलताना दिसलं, पुढचा दात नव्हता. फोटोत दात होता. दात कधी पडला? पडताना दुखला असेल; दवाखान्यात गेली का, की नुसतीच लवंग धरून बसली? वेबसाइटवर तिची दाढ दर मंगळवारी दुखायची आणि तो तिला डॉक्टरांची वेळ ठरवून द्यायचा.

मग सांगावं लागलंच. कंपनीकडून चूक झाली म्हणून त्याने सुरुवात केली, आणि मामाने "कंपनीला अक्काचं नाव कसं ठावं?" असं विचारल्यावर सगळंच सांगितलं. नमुना काय असतो, लांब नाव का लागतं. लोक ऐकत होते, पण त्यांना पटत होतं असं दिसलं नाही.

"म्हंजी तूच टाकली मेलेल्यात," मामा म्हणाला. "तुला दुसरं कोनी घावलं न्हाई?" तो फार वेळ बोलला नाही. उठला, टोपी झटकली आणि भट्टी पेटवायला नाक्याकडे निघून गेला. बाकीचेही हळूहळू पांगले. जाताना माणसं सोमेश्वरकडे न बघता जात होती.

गोजरबाई तेवढी घरी जाऊन परत आली, हातात फडक्याने झाकलेली परात. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचा असतो तो कडू घास तिने बातमी कळल्याबरोबर करायला घेतला होता. भाकरी आणि पिठलं. आता त्याचं करायचं काय ते तिला समजत नव्हतं. टाकवेना, आणि जित्या बाईपुढे ठेववेना. "आन इकडं," मनकर्णाबाई म्हणाली. "क्येलंय तं खाऊ. सकाळपासून पोटात काही न्हाई." तिने कुलूप काढलं, हात धुतले, हळद तशीच राहिली, आणि ताट घेऊन ओट्यावर मांडी घालून स्वतःच्या नावचा घास खायला बसली. भाकरीच्या पांढऱ्या तुकड्याला तिची बोटं पिवळी लागत होती. गोजरबाईने "अशुभ हाय वो" म्हणून पाहिलं आणि मग तीच कांदा फोडून द्यायला लागली.

शेजारची साधना दारात उभी होती. कॉलेजात जाणारी पोरगी. मनकर्णाबाईचे निरोप येतात-जातात ते तिच्या मोबाइलवरून. "साधने, काय आलं होतं ते वाच तं मला," मनकर्णाबाई म्हणाली. साधनाने सोमेश्वरकडे पाहिलं. निरोपासोबतचं ते पान पुण्याहून एव्हाना काढलं होतं, पण तिने त्याचा फोटो काढून ठेवला होता. तिने वाचलं. अत्यंत दुःखाने कळविण्यात येते. नाव आलं तेव्हा मनकर्णाबाईने मान डोलावली, आपलंच असल्याची खूण पटवावी तशी. "मंग? म्होरं?"

"म्होरं तुमचा फोटू हाय काकू. आन त्याच्या खाली..." साधना थांबली.

"वाच की."

"येथे दिवंगत व्यक्तीविषयी मजकूर येईल. येथे दिवंगत व्यक्तीविषयी मजकूर येईल. येथे दिवंगत..." तिने डोळे वर केले. "पानभर तेच हाय."

"मजकूर म्हंजी?"

"म्हंजी तुमच्याबद्दल काकू. तुमी कशा होता, काय काय क्येलं तुमी, ते."

मनकर्णाबाई चावायची थांबली. "मंग ते वाच."

"तेच न्हाई ना त्यात. येईल, एवढंच हाय."

ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. सोमेश्वर घाईने म्हणाला, "माय, ते तसंच असतं. जागा भरायला टाकतात. नमुना असतो तो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, शाळेतून आलेल्या पोराच्या अंगावर कुठे लागलंय का ते बघावं तसं. "नाव खरं टाकलं," ती म्हणाली. "फोटू खरा. मामाचा नंबर खरा, या पोरीचा खरा. मंग एवढंच खोटं काहून टाकलं? लिवायला काही न्हवतं का माझ्याबद्दल?"

"होतं ना माय."

"मंग सांग. मी बसले आता."

ती खरंच बसली, हात ताटात तसाच ठेवून. साधनाने मोबाइल खाली घेतला. गोजरबाई कांद्याची साल हातात धरून थांबली. सोमेश्वरने तोंड उघडलं. त्याला तिचं नाव छोट्या मोबाइलवर कुठे मोडतं ते ठाऊक होतं. तिचा चेहरा किती लहान केला तरी ओळखू येतो ते ठाऊक होतं. ती जेवली आहे हे ठाऊक होतं, रोज रात्रीचं. धरण, गाणी, बँकेचा साहेब आत्ता तासाभरापूर्वी कळलं होतं. गोजरबाईचं उचलून तेच म्हणता आलं असतं, दुसऱ्याचं उचलून आपल्या पानात बसवणं त्याच्या धंद्यात रोजचंच. पण गोजरबाई समोर होती. तो दाताचं विचारणार होता. विचारलं असतं तर तेही माहीत नसल्याचं कळलं असतं. त्याच्या खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. शर्टाच्या कॉलरवर सांडलेलं पाणी कधीच वाळलं होतं तरी मानेला गार लागत होतं. आई वाट बघत होती. घाई न करता, फाट्यावर गाडीची वाट बघतात तशी. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिनेच मान वळवली.

"राहू दे," ती म्हणाली. "येईल म्हनलंय ना त्यात, मंग येईल कवा तरी. मी हाय अजून." गुडघ्यावर हात टेकून उठता उठता तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. "एवढी भाकर खाऊन घे. उपाशीच आला असशील. मी जाते, बॉयलरवर कोनी न्हाई."

रूपसिंग गाडी घेऊन उभाच होता. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली, पदर खोचला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हळद गाळ झाली असेल म्हणून रूपसिंगला बोलत होती. गोजरबाई परात उचलून गेली. साधनाही गेली. खिशातला फोन त्याने काढून पाहिला. विजयकुमार सरांनी लिहिलं होतं की सगळं सुरळीत झालंय, आई ठीक असतीलच, फक्त त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी टाकून दे. त्याने फोन ओट्यावर पालथा ठेवला. ताटात अर्धी भाकरी उरली होती, तिच्या कडेला पिवळी बोटं उमटलेली. त्याने एक तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला.